लेखकाच्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

सह्यांचा कार्यक्रम झाला की आभार लेखकाचे मानले जातात आणि फोटोही लेखकासोबतच निघतात. टेबलाशेजारी उभं राहून पुस्तकं उघडून देणारी व्यक्ती फोटोत आलीच तर कोपरापुरती येते. मैत्रिणीला घेऊन भर पावसात आलेल्या आमच्यासारख्यांची पुस्तकं कोरडी आणि सही न फिसकटता घरी पोचली, ती त्या कोपरामुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

छत्र्या दाराबाहेर ठेवायला कुणीही सांगतं. तुम्ही दाराच्या आत एक छोटं टेबल मांडून त्यावर कोरडा पंचा ठेवलात, आणि पुस्तकाला हात लावण्याआधी प्रत्येकाला हात आणि बाह्या पुसायला लावल्यात. खरी मेख तिथेच आहे. पुस्तक आभाळातल्या पावसाने क्वचितच भिजतं. ते भिजतं ओल्या बाहीने, केसांच्या टोकावरून गळणाऱ्या थेंबांनी, आणि सगळ्यात जास्त पिशवीत पुस्तकाशेजारीच कोंबलेल्या घडीच्या छत्रीने. जोडीने आलेल्यांना तुम्ही सांगत होतात, ‘एकीने दोन्ही छत्र्या धरा, दुसरीने दोन्ही पुस्तकं.’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढं केलं की निम्मं काम झालं.

मग ती नावाची चिठ्ठी. रांगेत 90 माणसं असली आणि प्रत्येकाला एक मिनिट लागलं, तर दीड तास जातो. त्यातली 20 सेकंदं ‘नाव काय? ऱ्हस्व की दीर्घ?’ यातच संपतात. सुनीता की सुनिता, नूतन की नुतन, हे लेखकाने ऐकून ओळखायचं तरी कसं? आणि एकदा शाईने चुकलं की ते खोडता येत नाही. तुम्ही रांगेतच प्रत्येकाकडून ठळक अक्षरांत नाव लिहून घेतलंत, फक्त सही हवी की नावासह हेही त्यावर टिपलंत, आणि चिठ्ठी शीर्षकपानाच्या कडेला लावून पुस्तक उघडंच पुढे सरकवलंत. माणशी 20 सेकंदं वाचली, तर 90 जणांमागे अर्धा तास वाचतो. पावसाच्या रात्री शेवटच्या गाडीची वेळ गाठायची असलेल्यांना त्या अर्ध्या तासाची किंमत विचारा. सही झाल्याबरोबर चिठ्ठी काढूनही घेत होतात, तेही बरंच. ती महिनोन्महिने तशीच राहिली, तर तिचा चिकटा कागदावर राहतो आणि त्यावर धूळ धरते.

बरेच वाचक पुठ्ठा उघडून पहिल्याच जाड पानावर सही मागतात. तुम्ही न कंटाळता शीर्षकपान काढून देत होतात. ते जाड पान बहुधा कडेला नुसतं चिकटवलेलं असतं, कधी गडद रंगाचं, कधी गुळगुळीत. शीर्षकपान मजकुराच्याच कागदाचं असल्यामुळे शाई चटकन पिते, आणि बांधणीतही ते बाकीच्या पानांसोबत असतं.

पेनाबद्दल मात्र वेगळे आभार. लेखकाच्या खिशातलं शाईपेन दिसायला देखणं, पण त्यातली नेहमीची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते. मार्करची शाई मागच्या पानावर उतरते. बॉलपेनची तेलकट शाई पाण्याने पसरत नाही, पण जोर द्यावा लागतो आणि खालच्या पानांवर वळ उठतात. तुम्ही टेबलावर पिगमेंट शाईची दोन जेल पेनं ठेवली होतीत. ही शाई एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. अडचण असते ती ‘एकदा वाळली की’ या अटीची. दमट हवेत शाई रेंगाळते. म्हणून तुम्ही सहीवर टिपकागद नुसता ठेवून वरून दाबत होतात, घासत नव्हतात. आणि पुस्तक मिटण्याआधी तो कागद आतच राहू देत होतात. शेजारच्या पानावर सहीची उलटी छाप का उमटली नाही, ते आता पुस्तक उघडणाऱ्यांना कळलं असेल.

एकाच्या पुस्तकाचा कोपरा चिंब झाला होता. ओल्या कागदावर कुठलंच पेन धड चालत नाही; शाई तंतूंमधून फुटत जाते. तुम्ही सही वेगळ्या जाड कोऱ्या कार्डावर घेऊन दिलीत, पुस्तक वाळल्यावर आत ठेवायला. वर हेही सांगितलंत: पानं चोळू नका, थोड्या थोड्या पानांमागे एक शोषून घेणारा कोरा कागद घाला, ओला झाला की बदला, आणि पुस्तक उभं, पंख्यासारखं उघडून वाऱ्यावर ठेवा. केस वाळवायचं यंत्र लावू नका. एक बाजू आधी सुकते आणि पानं वेडीवाकडी होतात. पुस्तकात चकचकीत चित्रपानं असतील तर घाई हवी, कारण त्यावरचा लेप ओला होऊन सुकला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. दमट, उबदार हवेत दोन दिवसांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल, तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे सवडीने वाळवता येतं. फ्रीजरचं ऐकून रांगेत हसू पिकलं खरं, पण सल्ला अगदी योग्य होता.

निघताना बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी दिलीत आणि बजावलंत, घरी गेल्यावर लगेच बाहेर काढा. हे बहुतेक जण विसरतात. पावसापासून वाचवणारी पिशवी बंद राहिली, तर आतली ओल आतच कोंडते.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या दोघी

ता. क. छत्र्यांच्या बादलीजवळ शेवटी गोंधळ उडाला, कारण काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात. पुढच्या पावसाळ्यात मुठीला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधावी आणि तोच नंबर नावाच्या चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या तर तुम्ही लिहून घेताच.