स्क्रीन रीडरची बडबड आवरून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

फोनवर तुम्ही 'आभार कसले, ताई' म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

नजर गेल्यावर घरच्यांनी लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिलं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, स्क्रीन रीडर. फुकट आणि चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी, मायकेल करन आणि जेम्स टे यांनी, ते उभं केलं, हे तुमच्याकडून कळलं. बातम्यांचं पान उघडलं की ते आपणहून सुरू व्हायचं: लिंक, ग्राफिक, क्लिकेबल, क्लिकेबल, परत लिंक. बातमी येईपर्यंत माझा चहा गार.

तुम्ही मला फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ ठेवायला सांगितला आणि नुसतं ऐकलंत. तुम्हालाही दिसत नाही, त्यामुळे 'स्क्रीनवर काय दिसतंय?' हा प्रश्नच नव्हता. मी ज्या वेगाला दमत होते, त्याच वेगात तुम्ही मधेच म्हणालात, "थांबा, हे क्लिकेबल आधी बंद करू." एनव्हीडीएच्या सेटिंगमधल्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये जाऊन ती खूण काढली आणि पान निम्म्याने शांत झालं. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि बी दाबून ब्राउझ मोडच्या, म्हणजे पान वाचत फिरायच्या पद्धतीच्या, सेटिंगमध्ये नेलंत. पान उघडताच आपोआप वाचन सुरू करणारी खूण तिथे काढायला लावलीत. आता पान उघडलं की ते गप्प असतं, मी एच दाबत मथळ्यांवरून पुढे जाते आणि हवी ती बातमी आली की इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून वाचन सुरू करते.

स्क्रीन लेआउट, म्हणजे एका ओळीतलं एकत्र वाचायचं की वेगवेगळं, यावरून आपलं जमलं नाही, ते नाहीच. तुम्हाला एका ओळीतल्या लिंक एकत्र ऐकायला आवडतात, मला प्रत्येक लिंक वेगळ्या ओळीवर हवी. "मग तसंच ठेवा, कान तुमचे आहेत," म्हणालात. शिकवणाऱ्याने आपली सवय माझ्या गळ्यात मारली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

फॉर्मचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. रेल्वेच्या तिकिटासाठी नाव टाइप करताना पहिलं अक्षर दाबलं की भलतीकडेच उडी. ब्राउझ मोडमध्ये अक्षरं ही उड्या मारायची बटणं असतात, लिहायला फोकस मोड लागतो, आणि इन्सर्ट-स्पेसने एकातून दुसऱ्यात जाता येतं. मोड बदलताना होणारा तो बारीकसा आवाज मी गोंगाटात धरून बंद करणार होते. तुम्ही म्हणालात, "तो राहू द्या, त्याच्यावरच तर चालायचंय." खरंच, आता आधी तो आवाज ऐकते, मगच टाइप करते.

पण सगळ्यात मोठं काम मराठीचं. कित्येक मराठी पानांच्या आत भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असते. एनव्हीडीए बिचारं त्या नोंदीवर विश्वास ठेवून आवाज इंग्रजी करायचं आणि देवनागरी आली की मुकं व्हायचं. तुम्ही भाषा आपोआप बदलण्याची सोय बंद करून ईस्पीक या एनव्हीडीएबरोबरच येणाऱ्या बोलक्या यंत्रणेचा मराठी आवाज लावलात. तो रोबोसारखा बोलतो, ऱ्हस्वदीर्घाची फारशी तमा बाळगत नाही, पण सगळं वाचतो. मधे आलेले इंग्रजी शब्दसुद्धा. हे वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या वेगळ्या संचात, ठेवून त्याला एक शॉर्टकट दिलात, म्हणून मुलीचे इंग्रजी मेल वाचताना जुना गोड आवाज परत मिळतो.

आणि यातलं एकही बटण तुम्ही दाबलं नाहीत. दुरून माझा लॅपटॉप चालवणं तुम्हाला सहज जमलं असतं, वेळही वाचला असता. तुम्ही मात्र मलाच दाबायला लावलंत. बिघडलं तर? इन्सर्ट, कंट्रोल, आर दाबलं की शेवटचं सेव्ह केलेलं परत येतं, आणि तेच झटपट तीनदा दाबलं तर कोरी पाटी. हे आधी सांगितलंत म्हणूनच मी मेनूंमध्ये बिनधास्त हिंडले.

मनापासून आभार. मुलीने तुमच्यासाठी पुरणपोळ्या द्यायचं कबूल केलंय, पत्ता तेवढा सांगा. बँकेच्या स्टेटमेंटमधले तक्ते अजून मला नीट जमत नाहीत. कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांनी रकाने फिरते, पण कुठला रकाना कशाचा हे मधेच हरवतं. रविवारी फोन करते.

तुमची,
मोठ्या वयाची विद्यार्थिनी