पहिल्यांदा पाहणाऱ्यांना प्रदर्शनाचाच क्रम सांगावा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मार्व्हलच्या महानायकांच्या चित्रपटमालिकेवर आलेला लेख वाचला. ज्यांनी ही मालिका अजून पाहिलेली नाही, त्यांनी ती कथेतील घटनांच्या कालक्रमाने पाहावी, म्हणजे २००८ च्या ‘आयर्न मॅन’ऐवजी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडणाऱ्या ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अव्हेंजर’पासून सुरुवात करावी, असा सल्ला लेखात दिला आहे. मी हे चित्रपट दोन्ही क्रमांनी पाहिले आहेत आणि कालक्रमाने पाहण्यात मला अतिशय आनंद मिळाला आहे. तरीही नवख्या प्रेक्षकाला हा सल्ला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ते मांडताना काही चित्रपटांतील रहस्ये उघड करावी लागत आहेत, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

पहिला मुद्दा श्रेयनामावलीनंतर येणाऱ्या प्रसंगांचा. या मालिकेतले चित्रपट त्या छोट्या प्रसंगांनीच एकमेकांत गुंफलेले आहेत आणि त्यातला प्रत्येक प्रसंग, प्रेक्षकाला त्या वर्षापर्यंत काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे धरून लिहिलेला आहे. ‘आयर्न मॅन’च्या अखेरीस चित्रपटाचा नायक टोनी स्टार्क घरी परततो, तेव्हा अंधारात खिडकीपाशी उभा असलेला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला निक फ्युरी नावाचा माणूस त्याला सांगतो, की या जगात तू एकटाच महानायक नाहीस. हा माणूस कोण, तो घरात कसा शिरला आणि ज्या महानायकांच्या चमूबद्दल तो बोलतो ते ‘अव्हेंजर्स’ म्हणजे काय, यांपैकी काहीच माहीत नसण्यात त्या क्षणाची सगळी ताकद आहे. कालक्रमाने पाहणाऱ्याने मात्र त्याआधी १९९५ मध्ये घडणारा ‘कॅप्टन मार्व्हल’ पाहिलेला असतो. त्यात फ्युरी जवळजवळ पूर्ण वेळ पडद्यावर आहे आणि ‘अव्हेंजर’ हे नाव त्याला कोठून सुचले, हेही तेथेच कळते. साहजिकच टोनीच्या घरातला फ्युरी पाहून नवख्या प्रेक्षकाला कसलेच आश्चर्य वाटत नाही.

‘ब्लॅक विडो’च्या बाबतीत नुकसान याहून मोठे आहे. हा चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, पण त्याची कथा २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’ला लागून घडते, म्हणून कालक्रमाच्या यादीत तो तेथे येतो. त्याच्या श्रेयनामावलीनंतर नताशाची, म्हणजे ब्लॅक विडोची, बहीण येलेना एका कबरीपाशी येते आणि ती कबर नताशाची असते. नताशाचा मृत्यू २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये दाखवला आहे आणि यादीप्रमाणे जाणारा प्रेक्षक त्या चित्रपटापासून अजून बराच दूर असतो. माझ्या भाचीने अशीच एक यादी समोर ठेवून मालिका पाहिली होती. तो प्रसंग संपल्यावर तिने मला विचारले, “ही मेली कधी? माझा एखादा चित्रपट राहिला का?” पुढे ‘एंडगेम’मध्ये व्होर्मिर ग्रहावरच्या कड्यावर नताशा आणि तिचा सहकारी क्लिंट एकमेकांना वाचवण्यासाठी झटतात, तेव्हा दोघांपैकी कोण मागे राहणार, हे तिला आधीच ठाऊक होते. त्या प्रसंगात दुसरे रहस्य नाहीच. ‘कॅप्टन मार्व्हल’च्या अखेरचा प्रसंगही असाच २०१८ मधला आहे आणि ‘इन्फिनिटी वॉर’चा शेवट त्यातून फुटतो.

दुसरी गोष्ट अशी, की काटेकोर कालक्रम या मालिकेत मुळात नाहीच. यादीतला पहिला चित्रपट, ‘द फर्स्ट अव्हेंजर’, सुरू होतो तोच आजच्या काळात, बर्फात गाडलेले एक अवाढव्य विमान सापडते त्या प्रसंगाने. आणि संपतोही आजच्याच काळात. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजेच कॅप्टन अमेरिका, जागा होतो, रेडिओवर लागलेला बेसबॉलचा सामना आपण १९४१ मध्ये स्वतः मैदानात बसून पाहिला होता हे त्याच्या लक्षात येते, आणि तो धावत सुटतो तो थेट आजच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये. जवळपास ७० वर्षे झोपून राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ आणि चुकलेल्या एका भेटीबद्दलचे त्याचे ते एकच वाक्य मनात घोळत असताना यादी आपल्याला मागे १९९५ मध्ये नेते. प्रदर्शनाच्या क्रमात याच प्रसंगानंतर २०१२ चा ‘द अव्हेंजर्स’ येतो आणि स्टीव्हचे तुटलेपण त्यात तसेच पुढे चालू राहते.

शिवाय निर्मात्यांचे स्वतःचे हिशेबही सर्वत्र जुळत नाहीत. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’ ‘द अव्हेंजर्स’मधल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरच्या आवराआवरीने सुरू होतो आणि मग पडद्यावर ‘८ वर्षांनंतर’ अशी अक्षरे येतात. ही लढाई २०१२ ची, म्हणजे कथा २०२० मध्ये जाते. पण ती ‘सिव्हिल वॉर’नंतर लगेच घडते आणि २०१८ मध्ये खलनायक थॅनॉसने चुटकी वाजवल्यावर स्पायडर-मॅन, म्हणजे पीटर पार्कर, पाच वर्षांसाठी नाहीसा होतो; २०२० मध्ये तो असूच शकत नाही. ‘लोकी’ या वेबमालिकेचे काय करायचे, हाही प्रश्नच आहे. तिचा नायक २०१२ मधून निसटतो, पण त्याला निसटण्याची संधी देणारा कालप्रवास ‘एंडगेम’मधला आहे.

असे असूनही मी कालक्रमाच्या विरोधात नाही, हे आवर्जून सांगतो. सगळे चित्रपट एकदा पाहून झाले, की या क्रमासारखी गोष्ट नाही. टेसरॅक्ट हा अफाट शक्तीचा निळा घन खलनायक रेड स्कल नॉर्वेतून पळवतो, तो समुद्रात पडतो, टोनीचे वडील हॉवर्ड स्टार्क स्टीव्हला शोधताना तो वर काढतात. १९९५ मध्ये गूस हे मांजरासारखे दिसणारे परग्रहवासी जनावर तो गिळते आणि पुढे फ्युरीच्या टेबलावर ओकते. मग ‘थॉर’च्या अखेरीस फ्युरी तोच घन शास्त्रज्ञ डॉ. सेल्विगला दाखवतो. हा सगळा प्रवास ओळीने पाहताना, विखुरलेल्या चित्रपटांखाली एक धागा किती चिकाटीने सांभाळला आहे, हे पहिल्यांदा जाणवते. फ्युरीचा सहकारी फिल कोल्सन १९९५ मध्ये नवखा अधिकारी म्हणून दिसतो, त्यामुळे २०१२ मध्ये लोकीच्या हातून झालेला त्याचा घात अधिक लागतो.

मला स्वतःला सर्वांत भिडली ती स्टार्क पितापुत्रांची कथा. कालक्रमात हॉवर्डची ओळख टोनीच्या आधी होते, तीही उमद्या, काहीशा बेफिकीर तरुणाच्या रूपात. त्यानंतर टोनीच्या तोंडून बापाबद्दलची कडवट वाक्ये ऐकताना आपण एकट्या टोनीच्या बाजूचे राहत नाही. १९९१ मधल्या रस्त्यावर हॉवर्डचा खून झाल्याचे ‘सिव्हिल वॉर’मध्ये टोनी पाहतो, तेव्हा आपल्याही ओळखीचा माणूस गेलेला असतो. आणि ‘एंडगेम’मध्ये टोनी १९७० च्या लष्करी तळावर पोचतो, हातात फुले घेतलेला, लवकरच बाप होणार म्हणून धास्तावलेला हॉवर्ड त्याच्याशी अनोळखी माणसासारखा बोलतो, आणि निरोप घेताना टोनी त्याला मिठी मारतो, तो प्रसंग मला दुसऱ्या खेपेला नीट बघवलाही नाही. हे सुख मात्र सगळे आधीच ठाऊक असणाऱ्याचे आहे.

म्हणून आपणांस विनंती, की यापुढे अशा याद्या छापताना पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी ‘आयर्न मॅन’पासून ‘एंडगेम’पर्यंतचे २२ चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने द्यावेत आणि कालक्रमाची यादी पुन्हा पाहणाऱ्यांसाठी आहे, असे तिच्या डोक्यावरच स्पष्ट नोंदवावे. कोणाला पहिल्याच खेपेला कालक्रमाने जायचे असेल, तर ‘कॅप्टन मार्व्हल’ आणि ‘ब्लॅक विडो’ यांच्या श्रेयनामावलीपाशी थांबावे आणि त्यांचे अखेरचे प्रसंग ‘एंडगेम’नंतर पाहावेत, एवढी एक ओळ तरी त्या यादीखाली छापावी.

आपला,
पुरवणीचा नियमित वाचक