आण्णांच्या फाईलवर ‘ग्रंथपाल’ लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयातून येऊन चार दिवस झाले, पण आण्णांच्या कागदांची ती फाईल हातात घेतली की अजून घसा दाटून येतो. त्या दिवशी आभार मानायचे राहूनच गेले, एसटीची वेळ झाली होती आणि तोंड उघडलं असतं तर तुमच्या वाचकांसमोर रडलो असतो, म्हणून नुसता हात जोडून निघालो. आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घेत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते.

गावच्या वाचनालयाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि 2012 पासूनचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, वाचनालय सांभाळणाऱ्या आण्णांचा मुलगा म्हणून. पण आमच्याकडे कागदच नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आमचं वाचनालय पत्र्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पुस्तकं फुगून अशी घट्ट बसलेली की आण्णांना ती पहारीनं काढावी लागली. दाखल रजिस्टर, अहवाल, सभासदांची नोंद, सगळ्याचा लगदा. आण्णा तीन दिवस एकेक पान दोरीवर वाळत घालत होते, आई म्हणत होती आधी घरातला चिखल काढा.

तर कागदांसाठी मी तुमच्या आधी तीन ठिकाणी गेलो होतो. एका ठिकाणी उद्या या, दुसरीकडे पत्र आणा, पत्र नेलं तर ठरावाची प्रत आणा. तिसऱ्या ठिकाणी एक साहेब मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, ‘ड वर्गाच्या लायब्ररीला कसला आलाय इतिहास?’ ड म्हणजे सरकारच्या अ ते ड वर्गवारीतला सगळ्यात खालचा वर्ग. मी जिना उतरून खाली आलो आणि बराच वेळ गाडीला किल्लीच लावली नाही. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली त्यातलं चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे, आण्णांनी ते पाटीवर लिहून लावलं होतं, आणि इथे ग्रंथालयाचंच काम घेऊन गेलेल्या माणसाचे दीड महिने गेले.

तुमच्याकडे मी काही आशा ठेवून आलोच नव्हतो. गावाचं नाव सांगितलं, तुम्ही आण्णांचं नाव घेतलंत, मी म्हणलं मुलगा त्यांचा, आणि तुम्ही काही न बोलता कपाटाकडे गेलात. आण्णा दर वर्षी वार्षिक अहवाल जमा करायच्या आधी तुमच्याकडून आकडे तपासून घ्यायचे हे मला माहीतच नव्हतं, आणि तुम्ही दर वर्षी त्याची एक झेरॉक्स ठेवून घेतलीत हेही. कागद उडू नयेत म्हणून तुम्ही पंखा बंद केलात आणि त्या उकाड्यात तास दीड तास माझ्याबरोबर एकेक वर्ष लावत बसलात.

त्या कागदांत सगळं दशक आहे मॅडम. मे 2012 ची वाचनालयांची सरकारी पडताळणी, महसूल खात्याची माणसं गावोगाव येऊन पुस्तकं मोजून गेली, आण्णांनी आदल्या रात्री जागून प्रत्येक पुस्तकावर नंबर आहे का बघितलं होतं. काही ठिकाणी वाचनालयं फक्त कागदावर होती हे खरंच, ती सापडली ते बरंच झालं. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबली आणि ज्यांनी रोज कुलूप उघडलं तेही त्याच रांगेत अडकले. ‘क’ वर्गासाठी आण्णा दर वर्षी अर्ज करायचे, त्याही झेरॉक्स फाईलमध्ये आहेत. मग 2016 ला जिओ आलं आणि संध्याकाळी पेपरला येणारी पोरं कमी होत गेली, बालविभागाचा आकडा दर वर्षी खाली. त्याच वेळी स्पर्धा परीक्षावाली मुलं वाढली, कादंबऱ्यांचं एक कपाट मागे सरकवून आण्णांनी त्यांच्यासाठी दोन टेबलं टाकली. मग पूर, मग लॉकडाऊन. 15 ऑक्टोबर 2020 ला ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली, नेमका वाचन प्रेरणा दिन, आण्णांनी दाराला आंब्याचं तोरण लावलं होतं.

आणि हे सगळं कशावर? ‘ड’ वर्गाला तेव्हा वर्षाला 30 हजार अनुदान, त्यातलं निम्मं पगाराला, म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये, तेही हप्त्यानं. तुम्हीच सांगितलंत की आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये देशात सगळ्यात आधी ग्रंथालयाचा कायदा केला, मद्रासनं 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर, म्हणजे वेगळा जादा कर, ठेवला, आणि आपल्या 1967 च्या कायद्यात तो उपकर नाही म्हणून आपण कायम अनुदानाची वाट बघतो. 2022-23 पासून अनुदानात 60 टक्के वाढ झाली. आण्णा ती बघायला राहिले नाहीत, 2021 च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत गेले.

फाईलमधला शेवटचा कागद 2020-21 चा, अर्धाच भरलेला, पेन्सिलनं. ‘आकडे लावून देतो, राहू द्या तुमच्याकडे’ म्हणून गेले होते ना. त्यांचा तो 7, मधे आडवी रेघ मारलेला. मी त्यावर बोट ठेवून बसलो तेव्हा तुम्ही मला एकटं सोडून पाणी आणायला गेलात, तेही माझ्या लक्षात आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटी. फाईलवर फक्त गावाचं नाव होतं. तुम्ही ड्रॉवरमधून काळा स्केचपेन काढलात, नवीन लेबल चिकटवलंत, आण्णांचं पूर्ण नाव लिहिलंत आणि मला विचारलंत, ‘कधीपासून होते हो?’ मी म्हणलं 1998. आणि तुम्ही नावाखाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलंत, ‘ग्रंथपाल, 1998 ते 2021’.

मॅडम, आण्णांना गावात सगळे ‘लायब्ररीतला’ म्हणायचे. काही जण ‘पेपरवाला’. सोयरिकीच्या वेळी आम्ही स्वतः ‘शेती’ असं सांगायचो, नोकरी सांगितली तर पगार विचारतील म्हणून. 23 वर्षं त्यांनी जे काम केलं त्याचं नाव त्यांच्या नावापुढे मी पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या अक्षरात. तुम्ही ‘अ’ वर्गाच्या तालुक्याच्या ग्रंथालयातल्या, पदवी घेतलेल्या, आणि तुम्ही त्यांना आपल्यातलंच मानलंत, जसं काही हे उघडच होतं. अशी माणसं आहेत म्हणून ही सगळी वाचनालयं उभी आहेत, कायदा आणि अनुदान आपल्या जागी.

आईला लेबल वाचून दाखवलं. तिनं फाईल फोटोखाली ठेवलीय आणि झेरॉक्सला न्यायलाही सहज देत नव्हती. आता झेरॉक्स झाल्यात, पण लेबलसकट मूळ फाईल तुमच्याच कपाटात राहावी असं आम्हा दोघांनाही वाटतं. सोमवारी तुमची सुट्टी, म्हणून मंगळवारी सकाळच्या एसटीनं घेऊन येतो. आईनं घरची हळद कुटून ठेवलीय तुमच्यासाठी, नाही म्हणू नका.