हेलिकॉप्टर नको, लस द्या

अमेरिकेत जंगली घोड्यांना संरक्षण देणारा कायदा १९७१ पासून आहे. तरीही त्यांची संख्या आवरण्यासाठी नेवाडा राज्यातल्या माळावर हेलिकॉप्टर अगदी खाली आणून कळप पिटाळले जातात; दमलेली शिंगरं मागे पडतात, आयांपासून तुटतात. पकडलेले हजारो घोडे मग वर्षानुवर्षे कुंपणाआड, सरकारी खर्चाने! २०१९ मध्ये दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देण्याची टूम निघाली. पैसे खिशात पडताच काहींनी घोडे थेट लिलावात काढले. तिथून मेक्सिको-कॅनडातल्या कत्तलखान्यांची वाट उघडीच.

चारा-पाणी अपुरे आहे, मान्य. पण त्याच सरकारी कुरणांवर खासगी गुरे नाममात्र शुल्कात चरतात, त्यांचे काय? संख्या आवरायचीच तर माद्यांना डार्टने गर्भनिरोधक लस देता येते. हेलिकॉप्टरच्या कंत्राटांचा पैसा आधी तिकडे वळवावा.

– एक वाचक, ठाणे