घरातल्या कॅसेटी पावसाआधी उतरवून घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ॲपल म्युझिकवर जून २०२१ पासून लॉसलेस दर्जाची (आवाजाचा कुठलाही भाग न गाळता साठवलेली) गाणी वेगळे पैसे न भरता ऐकता येतात. तेव्हापासून इयरबड घ्यायला गेलेला माणूस दुकानात 'यात लॉसलेस चालते का?' हे हमखास विचारतो. आयफोनमधून ब्लूटूथने एअरपॉड्सकडे जाणारा आवाज एएसी या काही भाग गाळणाऱ्या पद्धतीने दाबूनच जातो, लॉसलेस ऐकायचे तर वायर लावावी लागते, हे त्याचे थोडक्यात उत्तर. आवाजाच्या दर्जाबद्दल लोक इतके चोखंदळ झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण सीमाभागातल्या मराठी घरांतले जे ध्वनिमुद्रण आज खरोखर नष्ट होण्याच्या वाटेवर आहे, ते अशा कुठल्याच सेवेवर नाही. ते माळ्यावरच्या ट्रंकेत कॅसेटीवर पडून आहे.

सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे मोबाइलवर नाव टाइप करताच मिळते, कारण ते कंपन्यांनी काढले, जपले आणि या सेवांना दिले. आपल्या गावच्या भजनी मंडळाची काकड आरती, सप्ताहातले कीर्तन, गणेशोत्सवातली नाट्यपदे, कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनांतली भाषणे, २००० साली बेळगावात य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या साहित्य संमेलनात कुणी मांडवात बसून भरून घेतले असेल ते, एका बाजूला अभंग आणि दुसऱ्या बाजूला कन्नड वचने असलेल्या घरगुती कॅसेटी, हे कुठल्या कंपनीकडे असणार? त्याची एकच प्रत आहे, आणि खानापूर-बेळगावचा चार महिन्यांचा पाऊस तिच्यावर दरवर्षी बुरशी चढवतो आहे. म्हणून या कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याचे काम मे अखेरीपर्यंत हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती. कसे करावे आणि कुठे चुकते, ते पुढे लिहितो.

कॅसेट हातात घेतल्यावर सर्वांत आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका. ते असले की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर मूळ आवाज पुसला जातो. मग खिडकीतून फितीची कड उजेडात पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात) घालू नये, बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणि पुढच्या कॅसेटीवर जाते. तिच्यासाठी एखादा जुना टेपरेकॉर्डर वेगळा ठेवावा, नाकाला रुमाल बांधावा आणि प्रत्येक वेळी हेड पुसावे. हेड पुसायला कापसाची काडी आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालते. फीत पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र साबणाचे पाणीच लावावे, अल्कोहोलने रबर कडक होऊन तडकते. फितीमागची छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज येतो-जातो, तेव्हा खोके स्क्रूने बसवलेली दुसरी कॅसेट उघडून फीत तिच्यात बसवावी. चांगली कॅसेटसुद्धा लगेच वाजवू नये. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे नेली की वर्षानुवर्षे एका जागी घट्ट बसलेली फीत मोकळी होते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आज वाजवणाऱ्या हेडचा कोन क्वचितच जुळतो. कोन किंचित चुकला की आवाज पांघरुणातून आल्यासारखा जड होतो, आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. ती खराब झालेली नसते. हेडच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू असतात. त्यांतल्या ज्या स्क्रूखाली स्प्रिंग असते तो या कामाचा. भजनाची कॅसेट असेल तर टाळ वाजत असलेला भाग लावावा, आवाज मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करावा आणि चुंबक नसलेल्या बारीक पेचकसाने स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे असा सावकाश फिरवावा. एका जागी टाळांचा झणकार एकदम स्वच्छ कानावर येतो. तीच जागा. दुसरी कॅसेट दुसऱ्या यंत्रावर भरलेली असेल, तेव्हा तिच्यासाठी पुन्हा पाहावे लागते. संगणकात गेल्यावर ट्रेबल कितीही वाढवला तरी इथे हरवलेले परत येत नाही, फक्त खरखर वाढते.

आता जोडणी. हल्लीच्या मॅकबुकला हेडफोनचे एकच भोक असते. त्यातून आवाज आत जातो तो हेडसेटच्या माइकपुरता, एकाच वाहिनीचा. डेकची वायर त्यात खुपसली तर स्टिरिओ जातो आणि आवाज फाटतो तो वेगळाच. बाजारात यूएसबीला लावायच्या स्वस्त साउंड कार्डांतही गुलाबी भोक बहुधा माइकचेच असते. लाल-पांढऱ्या आरसीए पिना सरळ बसतील असे लाइन इन (डेकचा आवाज आत घेणारे भोक) असलेले छोटे यूएसबी इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी डबी) घ्यावे. बेरिंगरचे यूसीए २०२ हे त्यातले एक. मॅकवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ते १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरते आणि कॅसेटीला तेवढे पुरून उरते. कॅसेटीची स्वतःची खरखरच इतकी असते की १९२ किलोहर्ट्झवर भरून डिस्क भरण्यापलीकडे काही साधत नाही. आयफोन १५ पासून पुढच्या फोनांना यूएसबी-सी आहे, त्यामुळे हेच इंटरफेस फोनला लावून गॅरेजबँडमध्येही भरता येते. घरात फक्त टू-इन-वन असेल तर त्याच्या इयरफोनच्या भोकातून वायर काढावी, व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवावा, टोनची बटणे मधोमध.

संगणकावर ऑडासिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे, मॅकवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतो. मॅकवर दोन ठिकाणी हमखास अडकायला होते. पहिले म्हणजे सगळे बरोबर जोडूनही रेषा सपाटच राहते, काही भरले जात नाही. वायर दहा वेळा तपासून उपयोग नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन मायक्रोफोनच्या यादीत ऑडासिटीला परवानगी द्यावी आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. दुसरे म्हणजे ऐकण्यासाठी कानात एअरपॉड्स घातले की मॅक आवाज आत घेण्यासाठीही त्यांचाच माइक निवडू शकतो. मग तासभर खोलीतला पंखा आणि रस्त्यावरची रिक्षा भरली जाते, कीर्तन नाही. भरताना वायरचे हेडफोनच वापरावेत आणि इनपुटमध्ये यूएसबी इंटरफेसचे नाव डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

आवाजाची पातळी ठरवताना कॅसेटीतला सर्वांत मोठा भाग आधी शोधावा. कीर्तनात तो बहुधा गजर असतो. त्या जागी मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. डिजिटलमध्ये शून्याला धडकलेला आवाज कापला जातो तो कायमचा. हळू भरलेला नंतर वाढवता येतो. घूं असा सलग आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, बरेचदा तेवढ्याने जातो. मोबाइल डेकपासून दूर ठेवावा.

जे भरले ते डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलमध्ये जसेच्या तसे जपावे. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटीला सुमारे ७०० एमबी. शंभर कॅसेटी ७० जीबीत मावतात. जागा कमी असेल तर फ्लॅक किंवा ॲपलचे ॲपल लॉसलेस वापरावे, दर्जा तोच राहून फाइल लहान होते.

या मूळ फाइलवर कुठलीही 'सफाई' करू नये. सफाई नेहमी प्रतीवर. याचे कारण आपल्या संगीतातच आहे. खरखर काढणारी सोय आधी तुम्हाला नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवायला सांगते आणि मग तसे जे जे सलग ऐकू येईल ते कापते. तंबोरा तर सलगच वाजतो. गायक थांबला म्हणून तो तुकडा निवडला, तर त्यात तंबोरा असतो आणि जवारीची (तारांच्या गुंजनाची) सगळी झिलई खरखर समजून पुसली जाते. उरते ते पाण्याखालून आल्यासारखे. नमुना घ्यायचा तो वाद्ये लागण्याआधीचा, फीत फिरते आहे पण कुणी वाजवत नाही असा दोनतीन सेकंदांचा. सफाईसुद्धा ६ डेसिबलपेक्षा जास्त लावू नये. थोडी खरखर राहिली तरी चालेल, टाळ-तंबोरा गेलेला चालणार नाही.

टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल असेल तर गती मंद होते आणि बुवांचा आवाज उतरतो. हे पेटीवरून ओळखता येते. मोबाइलवरचे ट्यूनर ॲप लावून पेटीचा षड्ज पाहावा. तो काळी एक, पांढरी दोन असा एखाद्या पट्टीवर बसला तर ठीक. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर गती साधारण ३ टक्के चुकली आहे, पूर्ण एक पट्टी म्हणजे ६ टक्के. जुनी पेटीच बेसूर असू शकते, म्हणून त्या बुवांची पट्टी आठवणारे कुणी मंडळात असेल तर त्यांनाच विचारावे. दुरुस्ती करताना गती आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारी सोय वापरावी. नुसता स्वर चढवला तर लय मंदच राहते.

'आयफोनमध्ये टाकले म्हणजे झाले' या समजुतीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. ॲपल म्युझिकची सिंक लायब्ररी (आपली गाणी सगळ्या उपकरणांवर आणणारी सोय) चालू असेल तर तुमची लॉसलेस फाइल २५६ केबीपीएस एएसी करून वर चढवली जाते, आणि २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल चढतच नाही. मूळ फाइल तुमच्या संगणकावर तशीच राहते, ती 'आता क्लाउडवर आहे' म्हणून पुसली की संपले. ही सेवा बॅकअप नाही असे ॲपल स्वतःच सांगते. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरात. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवताना फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

गाडीत किंवा देवळातल्या स्पीकरवर ऐकण्यासाठी एमपी३ची वेगळी प्रत करावी. पेन ड्राइव्ह मॅकवर फॉरमॅट करताना एमएस-डॉस फॅट निवडावे, ॲपलचे एपीएफएस गाडीच्या यंत्राला वाचता येत नाही. मॅक पेन ड्राइव्हवर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइलही ठेवतो. गाडीचे यंत्र ती गाणे समजून वाजवू पाहते आणि चूक दाखवून थांबते. पेन ड्राइव्ह एकदा विंडोजवर लावून त्या फाइली पुसल्या की अडचण मिटते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि सुरुवातीला क्रमांक घालून द्यावे, जुन्या यंत्रांना देवनागरी दिसत नाही. गायक, गाव, साल ही माहिती आतल्या टॅगमध्ये देवनागरीत भरावी. कॅसेटीच्या आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. त्या शाईतली नावे पुसट होत चालली आहेत.

कंपनीने विकलेल्या कॅसेटीवर प्रकाशनानंतर ६० वर्षे कंपनीचा हक्क असतो, त्या यूट्यूबवर टाकू नयेत. घरगुती ध्वनिमुद्रणही गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारूनच बाहेर द्यावे.

प्रत्येक घराला एवढे सगळे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून १८४८ पासून चालत आलेले आपले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, तालुक्यांतली ग्रंथालये आणि जिथे जागा आहे ती गणेशोत्सव मंडळे यांनी एक टेबल या कामाला द्यावे. लागते ते एक दुरुस्त डेक, एक इंटरफेस, एक जुना लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क. कॅसेट वाजेल तेवढाच वेळ भरायला लागतो, घाई करता येत नाही. तेव्हा एका टेबलावर दिवसाला चार ते पाच कॅसेटीच होतील, हे गृहीत धरून आखणी करावी आणि बुरशी लागलेल्या कॅसेटींचा क्रम आधी लावावा. आपल्या दैनिकाने गावोगावच्या भजनी मंडळांकडून आणि वाचकांकडून यादी मागवली तर मोठी मदत होईल. कॅसेटी किती, कोणत्या साली भरलेल्या, कुणाचा आवाज आणि बुरशी आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव