कामाचा मोबाइल कुलूपबंद करताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : कर्मचाऱ्यांना दिलेल्या मोबाइलमधील सेटिंग आणि नोटिफिकेशनवर घातल्या जाणाऱ्या बंधनांबाबत.

मराठवाड्यात कामाच्या मोबाइलचा वापर गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. पतसंस्थेचा पिग्मी एजंट असो, साखर कारखान्याचा स्लिपबॉय असो, मोंढ्यातल्या आडतीवरचा मुनीम असो की वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातला गोदाम कारकून, अनेकांच्या हाती आता मालकाने दिलेला फोन किंवा टॅब असतो आणि त्याच्याशिवाय दिवसाचे काम पुढे सरकत नाही. हे फोन देतानाच त्यांतील सेटिंग आणि नोटिफिकेशन बंद करून देण्याची पद्धत रूढ होत आहे. लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत असे फोन तयार करून देण्याचे काम मी करतो, म्हणजे ही बंधने माझ्याच हाताने घातली जातात. बंधने असावीत याच मताचा मी आहे. परंतु ती ज्या सरसकटपणे घातली जातात त्यामुळे फोन वापरणाऱ्या माणसाची अडचण होते, प्रसंगी त्याच्या जिवालाही धोका निर्माण होतो, आणि हे सारे टाळता येण्यासारखे असूनही टाळले जात नाही, म्हणून हे पत्र.

मालकांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरी आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडली आणि फोनमधले ओटीपी परस्पर चोरांच्या हाती गेले, असे प्रकार देशभर घडले आहेत. ज्या फोनवर संस्थेचा वसुलीचा हिशोब आणि खातेदारांची माहिती आहे, त्यावर अशी फाइल बसू देणे हा निष्काळजीपणाच ठरेल. डेव्हलपर ऑप्शन, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची खास सेटिंग, उघडे राहिले तर खोटे लोकेशन दाखवणारे अ‍ॅप चालवता येते आणि घरबसल्या गावभेटीची नोंद करता येते. तारीख-वेळ बदलता आली तर हजेरीला अर्थ उरत नाही. फॅक्टरी रीसेटची, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करण्याची, वाट मोकळी असली तर कामाचा फोन विकायला वेळ लागत नाही. म्हणून नवे अ‍ॅप बसवणे, तारीख-वेळ, डेव्हलपर ऑप्शन आणि रीसेट या चार गोष्टी कामाच्या फोनवर बंदच असाव्यात, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

अडचण पुढे सुरू होते. अँड्रॉइड फोनमध्ये बोटाने वरून खाली ओढली जाणारी जी पट्टी असते, तिच्यात नोटिफिकेशन आणि सेटिंगची झटपट बटणे ही दोन्ही एकाच जागी असतात. मालकाला सेटिंग बंद हवी असते. फोन तयार करणारा अख्खी पट्टीच बंद करून टाकतो, कारण ते सर्वांत सोपे असते. एकाच कामापुरता फोन अडकवून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आली आणि तिच्यात वरची पट्टी आपोआप कोरी होत असे. मात्र २०१८ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशन चालू ठेवून झटपट सेटिंगची बटणे बंदच ठेवणे शक्य झाले आहे. त्यासाठी होमचे बटण तेवढे सोबत चालू ठेवावे लागते. बॅटरी, नेटवर्क आणि आवाज यांची चिन्हे दाखवायची की लपवायची, याचाही वेगळा पर्याय आहे. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून तर कोणत्या अ‍ॅपला नोटिफिकेशन पाठवू द्यायचे आणि कोणत्याला नाही, हे व्यवस्थापकाला अ‍ॅपनिहाय ठरवता येते. अ‍ॅपलच्या आयफोन आणि आयपॅडवरही, ते कंपनीच्या देखरेखीखाली नोंदवलेले असतील तर, अशीच सोय आहे. इतकी बारीक निवड हाताशी असताना आपल्याकडे अजून पहिल्या दिवसासारखे सगळे एकदम बंद केले जाते.

याचा परिणाम काय होतो, हे एका पतसंस्थेच्या उदाहरणावरून सांगतो. तिथल्या पिग्मी एजंटांच्या फोनवर सर्व नोटिफिकेशन बंद होती. वसुलीच्या नोंदी मुख्य कार्यालयाकडे गेल्या नाहीत तर ‘नोंदी पाठवता आल्या नाहीत’ असा इशारा ते अ‍ॅप नोटिफिकेशनमधूनच देत असे. फोनमधली जागा भरली, नोंदी अडकल्या, इशारा आला आणि तो कोणालाच दिसला नाही. संध्याकाळी जमा केलेली रोकड आणि संगणकावरचा आकडा जुळेना, तेव्हा संशय आला तो एजंटावर, आणि फरक भरून देण्याविषयी त्याला विचारले गेले. फोन माझ्याकडे तपासायला आला तेव्हा अडकलेल्या सर्व नोंदी त्यात जशाच्या तशा होत्या. गावात दारोदार विश्वासावर पैसे गोळा करणाऱ्या माणसाच्या नावाला असा डाग लागणे किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. त्या फोनवर फक्त त्या एका अ‍ॅपचे नोटिफिकेशन चालू ठेवले असते, तर ही वेळ आली नसती.

सेटिंगचेही तसेच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस-बेचाळीसपर्यंत जातो. अशा उन्हात बांधावर उभे राहून उसाची किंवा पीक पाहणीची नोंद करणाऱ्याला पडद्याचा उजेड वाढवता आला नाही, तर त्याला अक्षर दिसत नाही आणि तो अंदाजाने बटण दाबतो. डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या गावात, बालाघाटाच्या रांगांत तर हे नेहमीचेच आहे, रेंज गेली की फ्लाइट मोड चालू-बंद करून ती पुन्हा पकडावी लागते. ते बटणच बंद असेल तर माणूस फोन हातात धरून टेकाडावर चढतो. चाळिशी लागलेल्या कर्मचाऱ्याला अक्षर मोठे करायचे असते, इंग्रजी न येणाऱ्याला भाषा मराठी करायची असते. बॅटरीचे चिन्ह लपवलेले असेल तर आधीच भारनियमनाने अर्धवट चार्ज झालेला फोन शिवारात केव्हा बंद पडेल, याचा पत्ता लागत नाही. उजेड, अक्षराचा आकार, भाषा आणि फ्लाइट मोड यांपैकी कशानेही मालकाचे नुकसान होत नाही. यांतल्या बहुतेक गोष्टी स्वतंत्रपणे चालू किंवा बंद ठेवता येतात, तेव्हा ‘सेटिंग बंद म्हणजे सगळी बंद’ या सबबीला आधार राहत नाही.

सर्वांत गंभीर बाब आकाशातून पडणाऱ्या विजेची आहे. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात वीज पडून मराठवाड्यात माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रात दरवर्षी येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या जागेपासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरातील विजेचा इशारा देते. ज्याचे काम दिवसभर उघड्या रानात आहे, त्याच्या हातातल्या फोनवर हे अ‍ॅप बसवण्याची मुभा नसावी, किंवा बसवले तरी त्याचा इशारा पडद्यावर येऊ नये, याचे समर्थन कोणताही मालक करू शकणार नाही. ११२ आणि १०८ या क्रमांकांचेही तेच. कित्येक कामकाजी फोनवर नंबर लावण्याचा डायलरच दिसत नाही. अपघात झाला, साप चावला, रस्त्यात महिला कर्मचाऱ्याला कोणी अडवले, तर खिशात फोन असून त्या व्यक्तीला मदत मागता येऊ नये, ही स्थिती मला मान्य नाही. म्हणून आणीबाणीचे क्रमांक आणि ‘दामिनी’ उघडे ठेवल्याशिवाय मी फोन हवाली करत नाही. या अटीवरून काही कामे हातची गेली, त्याची मला खंत नाही.

आता हे करायचे कसे, याविषयी थोडे. अनेक लहान दुकानदार प्ले स्टोअरवरचे एखादे फुकटचे कुलूप-अ‍ॅप बसवतात आणि त्याला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी देतात. या परवानगीने ते अ‍ॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि स्वतः बटणेही दाबू शकते, म्हणजे रखवालदाराच्या हाती तिजोरीची किल्ली दिल्यासारखे होते. योग्य मार्ग म्हणजे फोन संस्थेच्या नावे व्यवस्थापित म्हणून नोंदवणे. त्यासाठी फोन रीसेट करून स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवायचे, म्हणजे फोन-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने दिलेला क्यूआर कोड वाचण्याची सोय उघडते आणि तिथून नोंदणी पुढे सरकते. यानंतर प्रत्येक बंधन वेगवेगळे लावता येते. एक काळजी मात्र घ्यावी. नियमात केलेला बदल फोनला इंटरनेट मिळाल्यावरच पोहोचतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसलेल्या हेल्पडेस्कच्या भरवशावर न राहता, कुलूप तात्पुरते उघडण्याचा पिन तालुक्याच्या शाखेत एका जबाबदार व्यक्तीकडे असावा.

कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझे मत ठाम आहे. पगारातून घेतलेल्या, घरच्यांचे फोटो असलेल्या फोनवर मालकाने कुलूप घालू नये. कामाचे अ‍ॅप त्यावर हवेच असेल तर अँड्रॉइडमधील ‘वर्क प्रोफाइल’ वापरावे. त्यात कामाचा कप्पा वेगळा राहतो, मालकाचे नियम मुख्यतः त्या कप्प्यापुरते चालतात आणि कामाची वेळ संपल्यावर कर्मचाऱ्याला तो कप्पा थांबवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा दिली आहे, हे खरे. त्या कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण ही मुभा या कारणांपुरतीच आहे. सुटी झाल्यावर घरी गेलेल्या मुलीचे लोकेशन रात्रभर पाहत राहणे हे नोकरीचे कारण कसे होते, हे मला कोणी समजावून सांगावे.

फोन ज्याच्या हाती द्यायचा त्याला न विचारता द्यायचा, ही सवय जुनी आहे. २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन वारंवार बंद पडतात आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कामाची गरज त्यांना आधी विचारली असती तर ते फोन परत करण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती, असे मला वाटते. खासगी संस्थांनीही फोन वाटण्यापूर्वी दोन-तीन कर्मचाऱ्यांना तो आठवडाभर प्रत्यक्ष शिवारात वापरायला द्यावा आणि त्यांनी सांगितलेल्या अडचणींनुसार बंधने सैल किंवा घट्ट करावीत. काय बंद आहे, काय पाहिले जाते आणि किती वाजेपर्यंत पाहिले जाते, हे मराठीत एका कागदावर लिहून फोनसोबत द्यावे.

चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर आणि ‘मसिआ’ या उद्योजकांच्या संघटनांनी, तसेच आठही जिल्ह्यांतील व्यापारी महासंघ आणि पतसंस्थांनी, आपल्या सभासदांसाठी या विषयावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी माझी आपल्यामार्फत विनंती आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान ‘दामिनी’, ११२ आणि १०८ एवढे तरी प्रत्येक कामकाजी फोनवर उघडे करून घ्यावे. त्यासाठी कोणत्याही संस्थेला माझी मदत लागली तर ती मी विनामूल्य करीन.

आपला विश्वासू,
कामकाजी मोबाइलची व्यवस्था पाहणारा एक वाचक,
लातूर