बाबा, हल्लीच्या कादंबऱ्यांत गोष्ट असते

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, हल्लीच्या कादंबऱ्यांत गोष्टच नसते, पानभर नुसते विचार असतात. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मला हे अजिबात पटलेलं नाही.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधी' घ्या. नवरा गेल्यावर ऐंशी वर्षांची बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. घरचे परोपरीनं विनवतात, ती उठत नाही. पानंच्या पानं उठत नाही. तुम्ही बहुतेक इथेच पुस्तक मिटाल. पण एकदा उठली की ती कुणाला आवरत नाही. लेकीकडे राहायला जाते, रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीत रमते आणि या वयात थेट सीमेपलीकडे पाकिस्तानात पोचते, फाळणीनं तोडलेल्या आयुष्याकडे. याहून मोठी गोष्ट कोणती? मधे कावळेसुद्धा बोलू लागतात, तिथे लांबण लागली हे मला मान्य आहे. 2022 साली इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, पण आई, तू मूळ हिंदीच वाच. त्या भाषेची लय तुला फार आवडेल.

सामंथा हार्वे यांच्या 'ऑर्बिटल'बद्दल मात्र बाबांचं म्हणणं थोडं खरं आहे. अंतराळस्थानकात सहा जण, पृथ्वीवरचा एकच दिवस, सोळा प्रदक्षिणा. घडत काही नाही. वर्णनं सुंदर आहेत, पण सुंदर वर्णनांचाही थकवा येतो. तरी त्यातल्या चिए या अंतराळवीर बाईची आई खाली जपानमध्ये वारते आणि लेक वर फिरत राहते, तिला येता येत नाही. ती पानं वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तुम्हाला फोन लावला. कारण सांगितलं नव्हतं, आज सांगते.

क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' एका बैठकीत होईल. 1985 सालचं आयर्लंड, नाताळ तोंडावर आलेला. पाच मुलींचा बाप असलेल्या कोळसा विकणाऱ्या फर्लाँगला ख्रिस्ती मठाच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी सापडते. अशा मुलींना राबवणाऱ्या तिथल्या मठांच्या धुलाईघरांपैकी शेवटचं 1996 साली बंद झालं, म्हणजे हे फार जुनं नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि सगळं गाव गप्प आहे. एका माणसानं गप्प राहायचं की नाही, एवढीच गोष्ट. लेखिका एकदाही आवाज चढवत नाही, म्हणून ती जास्त लागते.

'अ मॅन कॉल्ड ओव्ह' सगळ्यांना आवडते, मला नाही. बायको गेल्यावर जगायचंच नाही असं ठरवलेला माणूस शेजाऱ्यांमुळे इतका भराभर गोड होतो की त्याच्या दुःखावर माझा विश्वास बसेना.

आता खास तुम्हा दोघांसाठी. काझुओ इशिगुरो यांची 'द बरीड जायंट', 2015ची. प्राचीन ब्रिटनमधलं म्हातारं जोडपं, अ‍ॅक्सल आणि बिअ‍ॅट्रिस, मुलाला शोधायला निघतं. मुलुखभर धुकं आहे आणि त्या धुक्यात माणसांना स्वतःचा भूतकाळच आठवत नाही. धुकं हटलं तर प्रेम आठवेल, पण जुन्या जखमाही आठवतील. तरी हटावं का? वाटेत एक नावाडी भेटतो. जोडप्यांना तो वेगवेगळं बसवून सर्वांत मोलाची आठवण विचारतो आणि प्रेम खरं वाटलं तरच दोघांना बेटावर एकत्र राहू देतो. यात ड्रॅगन आहे, तलवारी आहेत, म्हणजे बाबांची तक्रार राहणार नाही. पण मला त्या दोघांचं चालणं जास्त भिडलं. ती सारखी विचारते, मागे आहेस ना, आणि तो म्हणतो, आहे.

आई, तुझ्या डोळ्यांना ताण होत असेल तर बाबांनी मोठ्यानं वाचावं. नावाड्यापर्यंत पोचलात की कळवा. त्याला असं विचारायचा अधिकार आहे असं बाबांना वाटतं का, हे मला ऐकायचंय. मला वाटत नाही.

तुमची,
लेक